पानाफुलांची शुभेच्छापत्रे: कर्जत पद्धत

जाड कागद मधोमध दुमडावा, बाहेरून चित्र काढावे, आत सदिच्छा लिहावी, की शुभेच्छापत्र तयार होते. छापखान्यात अशी शेकडो पत्रे तासाभरात निघतात. घरी एका रविवारात एक होते आणि दुसरे अर्धवट राहते. चित्राच्या जागी खरे पान, फूल, गवताची काडी किंवा त्यांचा ठसा आला, तर त्याला निसर्गाधारित शुभेच्छापत्र म्हणायचे. त्याला रविवार पुरत नाही, सोमवारची अर्धी रजाही लागते. या कलेसाठी महाबळेश्वर नाही तर निदान कोकण तरी हवे, असा सार्वत्रिक समज आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत तो खोटा पाडायला पुरेसे आहे. तालुका पर्जन्यछायेतला, माती पुष्कळ ठिकाणी मुरमाड, झाडांना पानांपेक्षा काटे जास्त. कार्डाला लागणारे सगळे साहित्य मात्र येथे बांधावर, परड्यात आणि स्वयंपाकघरात मिळते.

या वस्तूचा इतिहास लंडनपासून सांगण्याची रीत आहे. १८४३ साली हेन्री कोल या गृहस्थांना नाताळच्या पत्रांना उत्तरे लिहिणे आवरेना. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, छापले आणि सर्वांना तेच धाडले. म्हणजे शुभेच्छापत्राच्या जन्मात जिव्हाळ्याइतकाच कंटाळ्याचाही वाटा आहे. हाताने कार्ड करणारा हा इतिहास उलटा फिरवतो: कष्ट वाचावेत म्हणून निघालेल्या वस्तूवर तो दुप्पट कष्ट करतो आणि वर तिला ‘साधंसंच केलंय’ म्हणतो.

आपल्याकडे १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. शुभकार्याच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावण्याची चाल जुनीच. पण घडीचे शुभेच्छापत्र म्हणून पहिला मान आपट्याच्या पानाकडे जातो. ते मधोमध दुमडलेलेच उगवते, दोन्ही पाळ्या सारख्या असतात, मजकूर आधीच ठरलेला असतो आणि तो तोंडी सांगायचा असल्याने शुद्धलेखनाचा प्रश्न येत नाही. अडचण एवढीच, की दसऱ्याला मागणी झाडाच्या ऐपतीबाहेर जाते. मग फांद्या ओरबाडल्या जातात आणि आपटा संपला की कांचनाची पाने सोने म्हणून बाजारात येतात. घेणारा ओळखतो, देणारा जाणतो, दोघेही गळाभेट घेतात. यावर उपाय म्हणजे पिवळ्या कार्डशीटचे कातरलेले आपट्याचे पान. त्यावर नाव लिहिता येते, पुढल्या वर्षी तेच दुसऱ्याला देता येते आणि झाडाला दसरा साजरा करता येतो.

साहित्याकडे वळण्याआधी निसर्ग म्हणजे काय, हे ठरवावे लागते. शालेय निसर्गचित्रात दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा सूर्य, खाली दुथडी भरून वाहणारी नदी, काठावर नारळाचे झाड, लाल कौलांची झोपडी आणि आकाशात चार उलटे-सुलटे आकडे म्हणजे पक्षी, एवढा ऐवज असतो. कर्जतच्या वर्गातही हेच चित्र काढले जाते. खिडकीबाहेर बाभूळ, लिंब, हिवर आणि ज्वारीचे रान असते. पण ते रोजचे, म्हणून निसर्गात धरत नाहीत. दुकानातल्या कार्डांची कथा आणखी पुढची. तिथे मॅपलची पाने, सूचिपर्णी झाडांवरचा बर्फ आणि दवाने निथळणारे गुलाब असतात. ज्या गावात एप्रिलमध्ये माठातले पाणीही कोमट लागते, तिथल्या आत्याबाई दिवाळीला बर्फाच्छादित कुटिराचे कार्ड स्वीकारतात आणि कपाटाच्या काचेत लावतात. कर्जत पद्धतीचे मूलतत्त्व याच्या उलट आहे: कार्डावर जे लावायचे, ते घरापासून पायी जाऊन आणता आले पाहिजे.

पहिले साहित्य कागद. महाराष्ट्राला हातकागद नवा नाही. जुन्नर आणि दौलताबाद ही कागदाची जुनी केंद्रे. मराठेशाहीतले दप्तर त्या कागदांवर टिकले. दौलताबादेजवळ कागजीपुरा नावाचे गावच आहे. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था सुरू झाली. कापडाच्या चिंध्यांचा लगदा करून तिथे कागद बनू लागला, त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. असा कागद खरखरीत, दणकट आणि कडेला थोडा झालरीदार असतो. कार्डासाठी तो उत्तम. फक्त शाईचे पेन लावले की अक्षर पसरते आणि ‘प्रिय’चे ‘प्रि’ होऊन एक निळा डाग उरतो.

घरीही कागद करता येतो. जुनी वर्तमानपत्रे किंवा सोडवलेले पेपर फाडून रात्रभर भिजत घालतात, सकाळी मिक्सरमधून लगदा काढतात, तो टबातल्या पाण्यात पातळ करून चाळणीवर उचलतात, सुती फडक्यावर उलटा करतात आणि पाणी टिपून वाळवतात. लगद्यात झेंडूच्या पाकळ्या किंवा कांद्याची फोलपटे टाकली तर कागदावर ठिपके उमटतात. कर्जतच्या उन्हात उन्हाळ्यातला कागद संध्याकाळपर्यंत कडकडीत होतो. या बाबतीत कोकण हेवा करील. प्रक्रियेतला अवघड टप्पा चाळणीचा नाही, मिक्सरचा आहे. चटणीचे भांडे यासाठी वापरले, हे घरात कळण्याच्या आत धुऊन पालथे घालावे लागते. त्यानंतरच्या शेंगदाण्याच्या चटणीत छापील शाईचा वास येतो, अशी तक्रार झाल्यास पावसाळी हवेकडे बोट दाखवतात.

चिकटवण्यासाठी बाजारात पांढरा गोंद आहेच. परंतु बाभळीच्या मुलखात डिंक विकत घेणे म्हणजे घरचे टाकून व्याह्याच्या घरी जेवायला जाणे. खोडावर जखम झाली की रस बाहेर येऊन सुकतो आणि मधाच्या रंगाचे खडे बनतात. ते कोमट पाण्यात विरघळवून गाळले की कागदाला चालणारा डिंक मिळतो. तो पातळ लावावा; जाड लावला तर कागद आक्रसतो आणि कार्ड पापडासारखे वळते. दुसरा पर्याय गव्हाच्या पिठाची खळ. ती स्वस्त आणि मजबूत असते, पण तिच्यावर कसर नावाच्या चंदेरी किड्याचे फार प्रेम. कपाटातले कार्ड दोन वर्षांनी काढले, तर पान जागेवर असते आणि त्याखालची शुभेच्छा खाल्लेली असते.

आता पाने-फुले. प्रत्येक फूल दाबण्याच्या लायकीचे नसते. जास्वंद दिसायला राजेशाही, पण ती चिकट. पुस्तकात ठेवली की कागदाशी एकरूप होते आणि काढताना निम्मे पान सोबत घेऊन येते. बाभळीचा पिवळा गोंडा झाडावर मोहक, दाबला की त्याची हळद होते. कण्हेर आणि रुई चीक सोडतात आणि दोन्ही विषारी, म्हणून लहान मुलांच्या हाती देत नाहीत. चांगली वठणारी फुले म्हणजे गोकर्ण, तरवड, सदाफुली आणि बोगनवेल. बोगनवेलीची रंगीत पाने मुळातच कागदासारखी. तिला वाळवणे हा निव्वळ उपचार आहे. गुलमोहराच्या पाच पाकळ्यांपैकी चार सरसकट लाल आणि पाचवीवर पांढरट-पिवळी नक्षी असते. कार्डासाठी ती पाचवी हवी. मुलांच्या हाती फूल पडले, तर नेमकी तीच आधी खाल्ली जाते, म्हणून गोळा करणारा आणि खाणारा वेगवेगळा नेमावा.

गवतांत कुसळी सर्वांत देखणी आणि सर्वांत अडेलतट्टू. तिच्या बियांना लांब, पिळदार शेपट्या असतात. ओल लागली की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो. या उलटसुलट फिरण्याने बी जमिनीत गिरमिटासारखे घुसते. जमीन नसेल तर पायमोजात. पोटरीला कुसळे लावून रान फिरणाऱ्याला बियांचा प्रसार शिकवावा लागत नाही. ही शेपटी कार्डावर लावली तर सुरेख वळण मिळते, पण कार्ड पावसाळ्यात पोहोचले की ती हलते. लिफाफ्यात काहीतरी जिवंत आहे, असा बोभाटा झाल्यास प्रेषकाने जबाबदारी घ्यावी. बी आधी तोडून टाकावे, म्हणजे पोस्टमनच्या बोटाशीही वैर होत नाही.

गोळा करण्याची जागा महत्त्वाची. कर्जतपासून जवळच रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. १९८० साली घोषित झालेले हे अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. तिथले गवत फोटोत सुंदर दिसते आणि ते फोटोतच ठेवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलून आणता येत नाही, आणि ‘काकूंच्या वाढदिवसाचं कार्ड करायचं होतं’ हे कारण परवानगीच्या अर्जात लिहिण्याजोगे नाही. बांधावरचे तेच गवत तितकेच कुसळे मारते. मोराचे गळून पडलेले पीस वहीत ठेवण्यास हरकत नाही. त्याला पेन्सिलीचा भुसा खायला घातला की पिल्ले होतात, ही समजूत शाळेत पिढ्यान्पिढ्या टिकून आहे आणि आजवर एकाही पिसाने तिला दाद दिलेली नाही.

दाबण्याची कृती अशी. फूल सकाळी, दव सुकल्यावर तोडावे. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये पसरून ठेवावे, पहिले काही दिवस कागद रोज बदलावा आणि वर वजन द्यावे. पातळ फूल आठवड्यात, जाड फूल दोन-तीन आठवड्यांत वाळते. पूर्वी वजनाला टेलिफोन डिरेक्टरी असे. ती गेल्यापासून या कलेचे मोठे नुकसान झाले आहे. तिची जागा लग्नाच्या अल्बमने घेतली. तो जड असतो आणि सहसा कोणी उघडत नाही. फक्त पाहुणे आले आणि अल्बम उघडला गेला, तर वरमाला घालणाऱ्या नवरीच्या नाकावर सदाफुली चिकटलेली निघते. खात्रीचा उपाय म्हणजे ज्वारीचे पोते. त्याखालचे फूल कोणी हलवत नाही, ठेवणाराही नाही.

या शास्त्रातले सर्वोच्च पद पिंपळपानाच्या जाळीचे. पान दोन ते चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात. मधला गर कुजतो, शिरा टिकतात. मग पान ताटलीत घेऊन जुन्या मऊ ब्रशने हलके घासले की हिरवा लगदा सुटून येतो आणि लांबट टोकापर्यंत अखंड जाळी हाती लागते. ती वर धरली की पलीकडचे दिसते. कलेच्या पुस्तकांत हे सगळे असते, वास नसतो. तिसऱ्या आठवड्यात भांडे न्हाणीतून परसात जाते, परसातून गोठ्यापाशी, आणि म्हैस तोंड फिरवते तेव्हा ते शेजाऱ्याच्या कुंपणाला लागते. पाणी अधूनमधून बदलायचे असते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीवर हे वाक्य मोठ्याने वाचू नये. बदललेले पाणी तुळस सोडून इतर झाडांना घालतात, कारण तुळशीपाशी सासूबाई उभ्या असतात. घाई असल्यास धुण्याच्या सोड्यात पान उकळूनही जाळी निघते, मात्र त्यासाठी आणखी एक भांडे कायमचे गमवावे लागते.

ज्यांना एवढा धीर नाही, त्यांच्यासाठी ठसेकाम आहे. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की पाच पाकळ्यांचे फूल उमटते. त्यासाठी कोवळी भेंडी निरुपयोगी. निबर झालेलीच हवी. स्वयंपाकघर आणि कला यांच्यात हितसंबंधांचा संघर्ष नसलेली ही एकमेव जागा. अर्धा कांदा वर्तुळात वर्तुळ देतो, आणि कांद्याच्या जिल्ह्यात तो भाव पडलेल्या आठवड्यात वापरावा. बटाट्यावर आकृती कोरता येते, पण ठशात डावे-उजवे उलटते, हे लक्षात ठेवावे लागते. याच तालुक्यात भीमेकाठी सिद्धटेक आहे. अष्टविनायकांतला उजव्या सोंडेचा गणपती तो हाच. बटाट्यावर त्याची सोंड उजवीकडे वळवून कोरली, तर कार्डावर डावीकडे वळते, आणि कार्ड सिद्धटेकचे न राहता इतर सातांपैकी कोणाचेही होते. म्हणून सोंड उलटी कोरावी, अक्षरेही उलटी कोरावीत आणि बटाट्याची भाजी सरळ करावी.

फवारकामही सोपे. बाभळीची बारीक संयुक्त पानाची डहाळी कागदावर ठेवतात, जुना टूथब्रश रंगात बुडवून कंगव्यावर घासतात; तुषार उडतात, डहाळी उचलली की तिची पांढरी आकृती उरते. सोबत करणाऱ्याचा चष्मा, भिंतीवरचे कॅलेंडर आणि पांढरे मांजर असल्यास मांजर, यांच्यावरही नक्षी उरते. रंग घरचा हवा तर हळद आहे. ती उन्हात फिकी पडते आणि चुन्याच्या किंवा साबणाच्या संपर्काने लाल होते. भांडी घासत्या हाताने पिवळे कार्ड उचलले, की त्यावर कुंकवाची बोटे उमटतात. लग्नाच्या शुभेच्छांसाठी हे मुद्दाम करता येते.

कर्जतच्या कार्डाचा मानाचा प्राणी काळवीट. नराचा पाठीकडचा रंग काळाभोर, पोट पांढरे, डोळ्याभोवती पांढरे कडे आणि शिंगांना पीळ. मादी बदामी आणि बिनशिंगांची. कातरकामाला नर वरदान आहे: एक काळा घोटीव कागद, एक पांढरा, आणि प्राणी तयार. मादीसाठी बदामी कागद लागतो आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानात नेमका संपलेला असतो. त्यामुळे रानात एका नराभोवती माद्यांचा कळप दिसतो, तर कार्डांवर नरांचाच मेळावा भरतो. शिंगे कातरणे हीच खरी परीक्षा. पीळ चुकला की शेळी होते, जास्त झाला की जिलेबी. पाहणाऱ्याने ‘शेळी छान आलीय’ म्हटले, तर करणाऱ्याने वाद घालू नये. तालुक्यात शेळीलाही मान आहे.

कार्डाच्या शेजारी इतर हस्तकला येतात. ज्वारीच्या वाळलेल्या धाटाची वरची चोय आणि आतले हलके भेंड वापरून बैलगाडी, चष्मा आणि खुर्ची करण्याची विद्या खेड्यांत जुनी आहे. चोयीची काडी भेंडात खुपसायची. ना डिंक, ना दोरा. असा छोटा बैल कार्डावर उभा केला तर देखावा उत्तम, पण त्याचे पाकीट फुगते. टाकाऊतून खेळणी करणारे पुण्याचे अरविंद गुप्ता यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, हे घरात सांगून ठेवावे. पसाऱ्यावरून बोलणी बसताना उपयोगी पडते. दिवाळीला पतंगी कागद आणि कामट्यांचा आकाशकंदील येतो, संक्रांतीला छोटी तिळगुळाची कार्डे. या कार्डांवर चमकी लागते. चमकी निसर्गात मिळत नाही, पण एकदा घरात आली की निसर्गनियमाप्रमाणे वागते: संक्रांतीला सांडलेली चमकी होळीला पुरणपोळीवर आणि गणपतीत भटजींच्या कपाळावर सापडते. शुद्ध कर्जत पद्धतीत ती वर्ज्य आहे.

मजकूर हा सर्वांत दुर्लक्षित भाग. तीन आठवडे पानाला दिल्यावर लिहायला तीन मिनिटे आणि दोन इंच जागा उरते. ‘ती. मामांस सा. न. वि. वि.’ एवढ्यात पहिला इंच संपतो. पुढे चारोळी जुळवू नये. ‘हे पान आपल्या विहिरीवरच्या पिंपळाचं आहे’ असे एक वाक्य पुरते. जिला ती विहीर माहीत आहे, ती बहीण बाकीचे स्वतः वाचते. दुकानातल्या कार्डाला हे वाक्य छापता येत नाही, आणि एवढ्या खटाटोपाचे समर्थन शेवटी या एका वाक्यावर उभे आहे.

उरले पाठवणे. वीस ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला ५ रुपये पडतात. भेंडाचा बैल, डिंकाचा थर आणि हातकागद मिळून वजन सहज वाढते. तिकीट कमी पडले तर पत्र बैरंग होते, आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याला भरावे लागतात. शुभेच्छांचे बिल ज्याला शुभेच्छा दिल्या त्यालाच जाते. पिंपळाच्या जाळीच्या पुढे-मागे पुठ्ठा घालावा, कारण तारखेचा शिक्का मारणारा हात शिरांची गय करत नाही. पत्त्यात पिनकोड चुकवू नये. ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी बसवली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. एका नावाच्या अनेक गावांचा गोंधळ मिटवणे हा तिचा एक हेतू होता, आणि कर्जत हे त्याचे ठळक उदाहरण. रायगडातले रेल्वेचे कर्जत ४१०२०१, काळविटांचे कर्जत ४१४४०२. जिल्ह्याचे नावही २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा आकडे जपणे बरे. नाही तर काळविटाचे कार्ड घाटाखाली वडापाव खात बसते.

पोहोचलेल्या कार्डाचे पुढे काय होते, हेही ठरलेले आहे. ते चार दिवस टीव्हीवर उभे राहते, मग फ्रिजला चिकटते, मग कपाटातल्या साडीखाली जाते आणि तिथे राहते. मोबाइलवर आलेले दवबिंदूंचे गुलाब सकाळी येतात आणि दुपारी जागा कमी पडते म्हणून पुसले जातात. साडीखालचे पिंपळपान पुसायला मात्र कोणाचा हात होत नाही. तेव्हा असे कार्ड आले तर एवढेच करावे: दोन ओळी लिहून पोच द्यावी. वर केलेल्या अंगठ्याचे चित्र पोच म्हणून धरले जात नाही.